आपल्या ताटांत काय हवें?

(बाजारच्या दिवशीं शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेपुढें झालेलें भाषण)



आज आपणांपुढें बोलावयाचा विषय फार साधा आहे. तो दररोज दोन वेळां आपल्यापुढें वाढून येतो. तो विषय म्हणजे आपलें ताट. कोणी म्हणेल, यांत सभा भरवून सांगण्यासारखें तें काय? जेवावें कसें हें का माणसाला शिकवावें लागतें? लागतें, असें माझें म्हणणें आहे. बैलाला पेंड किती घालावी, दुभत्या म्हशीला सरकी केव्हां द्यावी, उसाला कोणतें खत द्यावें, हें आपला शेतकरी नेमकें सांगेल. शेतांत पानें पिवळीं पडलीं कीं तो लगेच म्हणतो, पिकाला कांहीं तरी कमी पडतें आहे. पण घरची सून पिवळी पडली किंवा पोर खुरटलें, तर तोच शेतकरी म्हणतो, तिचा बांधाच तसा, त्याचें नशीबच तसें. पिकाचें नशीब खतांत आणि माणसाचें नशीब कपाळावर, हा कोठला न्याय?

आपल्या देशांत अन्नाविषयीं उपदेश कांहीं कमी झाला नाहीं. कोणाच्या हातचें खावें, कोणाच्या हातचें पाणी चालावें, सोंवळें कोणतें, ओंवळें कोणतें, कोणत्या तिथीस काय वर्ज्य, मेलेल्या बापाच्या नांवानें कोणाला जेऊं घालावें, याचे पोथ्यांचे ढीग पडले. पण जित्या पोराच्या पोटांत काय जावें, याची चौकशी त्या पोथ्यांनीं केली नाहीं. वैद्यकाचे ग्रंथ होते, पण ते आपल्या उंबरठ्यापर्यंत कोणी आणले नाहींत.

आपल्या चळवळीनें मात्र पोटाचा प्रश्न कधीं परका मानला नाहीं. १८७७ च्या दुष्काळांत सत्यशोधक समाजानें पुण्याजवळ धनकवडीस बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेऊं घातलें. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याच्या घरची दैना जगापुढें मांडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवलीं, आणि त्या मुलांना उपाशी ठेवावयाचें नाहीं म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनीं अंगावरचे दागिने मोडले. विद्या हवी हें खरें, पण रिकाम्या पोटीं पाटी धरतां येत नाहीं, हें त्या माउलीनें ओळखलें होतें. तेव्हां आज मी कांहीं नवें सांगत नाहीं. जुनेंच काम पुढें चालवीत आहें.

आतां आपल्या घराकडे वळूं. दूध आपल्या गोठ्यांत निघतें, पण पहांटे किटलींतून तें डेअरीस जातें. अंडीं आपल्या खुराड्यांत होतात, पण तीं बाजारांत जातात. मेथी, पालक, शेवगा, पेरू, सगळें टोपलींत भरून शहराकडे. तूर निघाली कीं व्यापाऱ्याच्या काट्यावर. संध्याकाळीं घरांत काय राहतें? भाकरी, तिखट आणि चहा. ज्यानें पिकविलें त्याच्या ताटांत तें नाहीं, आणि ज्याच्या ताटांत आहे त्यानें पिकविलें नाहीं. विकूं नका असें मी म्हणत नाहीं. विकल्याशिवाय मीठ-मिरची, औषध, शाळा चालणार कशी? परंतु घरचा वांटा काढून मग विकणें निराळें, आणि सगळें विकून उरलें तर खाणें निराळें.

याचा परिणाम काय झाला तो सरकारी आंकड्यांत पाहा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकीं ५४ स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. सहा महिने ते पांच वर्षांच्या शंभर मुलांपैकीं ६९ मुलांचें रक्त कमी. पांच वर्षांखालील शंभरांपैकीं ३५ मुलें वयाच्या मानानें उंचीनें खुजीं. दुसऱ्या बाजूनें मधुमेह वाढला आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें दहा कोटींहून अधिक लोकांना हा रोग आहे. पूर्वी त्याला बसून खाणाराचा रोग म्हणत. आतां तो आपल्या आळींतही आला आहे. म्हणजे एकाच घरांत सून रक्तानें कमी, नातू वजनानें कमी, आणि सासऱ्याच्या रक्तांत साखर जास्त. तिघांचीं दुखणीं तीन, पण बरेचदां मूळ एकाच चुलीशीं सांपडतें.

येथें सुतार, गवंडी, लोहार मंडळी बसलीं आहेत. त्यांना पटेल असें सांगतों. घर म्हटलें कीं तीन वस्तु लागतात. भिंतीला विटा लागतात, चुलीला सरपण लागतें, आणि दाराला कडी-कोयंडा, खिळे, बिजागऱ्या लागतात. शरीराचें तसेंच आहे. ज्वारी, बाजरी, गहूं, तांदूळ, नाचणी हें सरपण. तेलतूपही सरपणच, पण रॉकेलसारखें. थोडें पुरतें, जास्त झालें तर भडका. डाळी, कडधान्यें, दूध, अंडीं, मासे, मटण यांत जीं प्रथिनें असतात त्या विटा. भाज्या व फळें यांतील जीवनसत्त्वें आणि क्षार म्हणजे खिळे-बिजागऱ्या. वजनानें तीं थोडीं, पण तीं नसलीं तर दार उभें राहत नाहीं. आतां आपणच सांगा, अंगणांत सरपणाचा ढीग लावला आणि विटा आणल्याच नाहींत, तर घर उभें राहील काय? आपलें जेवण हल्लीं असें झालें आहे. पोट भरतें, पण बांधकाम होत नाहीं.

धान्यांतही थोड्या विटा असतात, पण त्या विटांत एक घटक उणा असतो. तोच घटक डाळींत भरपूर असतो. आणि डाळींत जें उणें असतें तें धान्य भरून काढतें. म्हणून ज्वारीची भाकरी आणि तुरीचें वरण, बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ, भात आणि कुळथाचें पिठलें, हीं जोडपीं आपल्या आजीपणजीनें जुळविलीं तीं कांहीं उगीच नव्हेत. नुसती भाकरी आणि नुसतें तिखट म्हणजे एक बैल जुंपून गाडी हाकणें होय.

आतां एक मोठा भ्रम घालवूं. पांढरें तें उंची आणि काळें तें हलकें, असें आपल्या मनांत कोणी तरी भरविलें आहे. पाहुणा आला कीं भाकरी लपवावयाची आणि भात-पोळी वाढावयाची. मुलाच्या शाळेच्या डब्यांत नाचणीची भाकरी द्यावयास आईला लाज वाटते. बिस्किटाचा पुडा द्यावयास लाज वाटत नाहीं. या पांढरेपणाची परीक्षा केव्हांच झाली आहे. जावा बेटांत आइकमान नांवाच्या एका डच डॉक्टरानें १८९० च्या सुमारास बेरीबेरी या रोगाचा शोध चालविला होता. त्याच्या कोंबड्या एकाएकीं पांगळ्या झाल्या. त्यांना लष्करी इस्पितळांतील उरलेला शुभ्र, सडलेला भात मिळत होता. पुढें नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, असें म्हणून त्यानें तो देण्याचें बंद केलें. तेव्हां त्यांना कोंड्यासकट साधा तांदूळ घातला जाऊं लागला, आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. कोंड्यांत एक जीवनसत्त्व असतें, तें गिरणी काढून टाकते, हें त्यावरून उघडकीस आलें. या कामाबद्दल आइकमान यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जी गोष्ट एका हट्टी स्वयंपाक्याच्या कंजुषीनें कोंबड्यांच्या वांट्यास आली, ती आपल्या मुलांच्या वांट्यास आपण समजून उमजून कां आणूं नये?

आपल्या देशांतही असाच प्रयोग झाला. निलगिरी डोंगरांत कुन्नूर येथें मॅक्कॅरिसन नांवाच्या डॉक्टरानें पांढऱ्या उंदरांचे गट करून प्रत्येक गटाला एकेका प्रांताचें जेवण घातलें. शिखांचें जेवण, म्हणजे सालासकट दळलेल्या गव्हाची रोटी, दूध, लोणी, डाळ, भाजी, यावर वाढलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. मद्रासकडील पांढऱ्या भाताच्या जेवणावर वाढलेले सर्वांत किरकोळ. मराठ्यांचें जेवण शीख व पठाण यांच्या खालोखाल तिसरें आलें. म्हणजे आपल्या भाकरी-डाळीच्या ताटाची लाज वाटण्याचें कांहींच कारण नव्हतें. ज्या ताटाला शास्त्रानें वरचा पाट दिला, तें ताट आपणच खालीं ठेवलें.

मॅक्कॅरिसन यांचें काम १९१८ सालीं लहानशा जागेंत सुरू झालें. तीच संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली, आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या या संस्थेनें २०२४ सालीं सर्व भारतीयांसाठीं जेवणाचे सतरा नियम प्रसिद्ध केले. त्यांत एका माणसाच्या एका दिवसाच्या ताटाचें माप दिलें आहे. तें माप, शिजविण्यापूर्वींच्या वजनानें, असें: धान्य २५० ग्रॅम, डाळ व कडधान्य ८५ ग्रॅम, पालेभाज्या धरून सर्व भाज्या ४०० ग्रॅम, फळें १०० ग्रॅम, शेंगदाणे, तीळ यांसारख्या गोष्टी ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. मांसाहारी घरानें डाळीच्या कांहीं भागाऐवजीं अंडें, मासा किंवा मटण घ्यावें.

हें माप बेताचें काम करणाऱ्या माणसाचें आहे. नांगर धरणारा, घण मारणारा, ऊस तोडणारा यांना याहून जास्त लागेल. पण जास्त म्हणजे नुसत्या भाकरी जास्त नव्हेत. भाकरीबरोबर डाळही त्याच मानानें वाढली पाहिजे. आंकडे ध्यानांत राहणार नाहींत म्हणून एक सोपा हिशेब देतों. धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग. बाईनें तीन वाट्या पीठ मळलें तर एक वाटी डाळ किंवा कडधान्य त्या दिवशीं चुलीवर चढलें पाहिजे. आणि भाजी धान्याहून जास्त वजनाची हवी. आपल्याकडे भाजी तोंडीं लावावयास असते. शास्त्र म्हणतें, भाजी पोट भरण्यास खावी.

आतां पांच माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब पाहूं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें प्राधान्य कुटुंबाला माणशीं महिना ५ किलो धान्य मिळतें. पांच माणसांस २५ किलो. वरच्या मापानें लागतें साडेसदतीस किलो. म्हणजे धान्याची दोन तृतीयांश गरज रेशनवर भागते, आणि ती गोष्ट लहान नव्हे; भुकेच्या दिवसांत ती किती मोठी आहे हें ज्याचें त्यास ठाऊक. परंतु याच पांच माणसांना डाळ व कडधान्य लागतें महिन्याला पावणेतेरा किलो! आपल्यापैकीं किती घरांत तें येतें? हात वर करावयास मी सांगत नाहीं. घरीं जाऊन डबे पाहा. सरपण सरकारनें दिलें, विटा आपण आणल्या नाहींत, आणि घर कां उभें राहत नाहीं म्हणून आपण देवाला विचारतों.

उलट दोन वस्तु मापाहून जास्त जातात. तेल पांच माणसांना महिन्याला सुमारें चार किलो पुरे. मीठ माणशीं दररोज ५ ग्रॅमच्या आंत असावें, म्हणजे पांच माणसांस महिन्याला पाऊण किलो, आणि त्यांत लोणचें, पापड, खारे दाणे, बाजारची भजीं-शेव हें सगळें आलें. ज्या घरीं मिठाचा किलोचा पुडा महिना पुरत नाहीं, त्या घरीं रक्तदाबाचें आमंत्रण गेलेलेंच आहे. मीठ आयोडीनचें घ्यावें, पण हात आंखडून घ्यावें.

आतां करावयाचें काय तें सांगतों.

पहिली गोष्ट, दोन्ही वेळच्या जेवणांत डाळ, उसळ किंवा पिठलें हवेंच. कडधान्य भिजवून मोड आणून शिजवावें. मोड आल्यानें त्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते, आणि खर्च दमडीचाही नाहीं. शेंगदाण्याची मूठ, तिळाची चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, हीं गरिबाचीं बदामें आहेत.

दुसरी गोष्ट, दररोज एक पालेभाजी. मेथी-पालकच पाहिजे असें नाहीं. तांदुळजा, माठ, चाकवत, घोळ, अंबाडी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यांत टाकळा, कुरडू हें बांधावर फुकट उगवतें. आपण त्याला तण म्हणतों. पालेभाजीवर लिंबू पिळा. लिंबाच्या आंबटपणानें भाजी-भाकरींतील लोह रक्तांत लवकर मिसळतें. आवळा, पेरू, बोर हेंही तेंच काम करतें. भाजी आधीं धुवावी, मग चिरावी, आणि शिजविलेलें पाणी फेंकूं नये. आणि आमच्या लोहारदादाची लोखंडी कढई व तवा माळ्यावर टाकूं नका. त्यांत शिजलेल्या अन्नांत थोडें लोह उतरतें. लोहाराच्या पोटालाही भाकरी मिळेल आणि आपल्या रक्तालाही.

तिसरी गोष्ट, चहा. चहा पिऊं नका असें म्हणून मी आपला रोष ओढवून घेत नाहीं. पण जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नांतील लोह चहा अडवितो. म्हणून जेवणाच्या आधीं तासभर व नंतर तासभर चहा नको. आणि लहान मुलाला चहांत बिस्किट बुडवून दिलें म्हणजे न्याहारी झाली, ही समजूत सोडा. तो साखर, मैदा आणि रंगीत पाणी यांचा मेळ आहे. त्यापेक्षां रात्रीची भाकरी ताकांत कुसकरून द्या, किंवा नाचणीची आंबील द्या. साखरेऐवजीं गूळ घातला म्हणजे मनाला येईल तितका खावा, असेंही नाहीं. गूळ थोडा बरा, पण तोही बेतानेंच.

चवथी गोष्ट, दूध काढलें कीं घरचें माप आधीं बाजूला ठेवा. सगळ्यांना पुरत नसेल तर लहान मुलें, गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी बाई यांना तरी. लोणी विकलें तरी चालेल, पण ताक फेंकूं नका किंवा गुरांपुढें ओतूं नका. लोणी काढलें तरी विटा ताकांतच राहतात. कोंकणांतल्या बंधूंना दूध कमी मिळतें, पण सुकट, जवळा कांट्यासकट खाल्ला तर हाडांना लागणारा चुना त्यांतून मिळतो. नाचणींत तर सर्व धान्यांत जास्त चुना आहे. जी नाचणी डोंगरच्या माणसाचें अन्न म्हणून हिणविली, ती शहरांतल्या दुकानांत आतां सुंदर पुड्यांत विकावयास ठेवलेली असते. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें. जगानें आपल्या भाकरीला नमस्कार केला. आपणच तिच्याकडे पाठ करावी काय?

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पुरुषांनीं कान देऊन ऐकावी. आपल्या घरांत वाढावयाची रीत अशी कीं, आधीं पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि सर्वांत शेवटीं जी रांधते ती. ती शेवटीं भांडें पुसून खाते. वरण संपलेलें असतें, भाजीचा रस्सा उरलेला असतो. ती कांहीं बोलत नाहीं. न बोलण्याबद्दलच तिची तारीफ होते. पण आतां विचार करा. महिन्याच्या महिन्याला जिच्या अंगांतून रक्त जातें, जी पोटांत दुसरा जीव वाढविते, जी त्याला अंगावर पाजते, तिलाच आपण विटा सर्वांत कमी देतों. मग मूल वजनानें कमी जन्मलें कीं तिलाच दोष देतों. मघाशीं शंभरांत ५४ हा आंकडा सांगितला तो या शेवटल्या पंगतींतून निघतो. उपाय एकच. सर्वांनीं एकत्र जेवावयास बसावें, किंवा निदान तिचें ताट आधीं वाढून झांकून ठेवावें. यास पैसा लागत नाहीं. थोडा पुरुषार्थ लागतो.

याच बाईला उपासाचा बोजा आणखी आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवऱ्यासाठीं एक, मुलासाठीं एक. ज्यासाठीं उपास तो मात्र भरल्या ताटावर बसलेला असतो. आणि उपासाला खावयाचें काय? साबुदाणा, बटाटा, रताळें, शेंगदाणा, हिरवी मिरची. आतां गंमत पाहा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, रताळें, शेंगदाणा आणि मिरची, हीं सर्व अमेरिका खंडांतून आलीं. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचल्यानंतर तीं जगभर पसरलीं. मग कोणत्या ऋषीनें तीं उपासाला चालतात म्हणून सांगितलें? ज्वारी, मूग, तूर आपल्या मातींत कैक शतकें पिकत आलीं तीं बाटलीं, आणि परदेशाहून आलेला कंद पवित्र ठरला! माझें सांगणें इतकेंच कीं, जिच्या अंगांत रक्त नाहीं, जी गरोदर आहे, जी पाजते आहे, तिनें उपास करूं नये, आणि तिला करावयास लावूं नये. कोणताही देव तिचें रक्त मागत नाहीं.

तान्ह्या मुलाविषयीं दोन शब्द. गाय व्याली कीं तिच्या चिकाचा खरवस आपण वाटून खातों. पण बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक मात्र वाईट म्हणून पिळून टाकतों! तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस आहे. तो जन्मानंतर तासाभरांत पाजला पाहिजे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, घुटी, पाणी कांहींही नको. सहा महिने पुरे झाले कीं मात्र नुसत्या दुधावर ठेवूं नये. मऊ मुगाची खिचडी, नाचणीची पेज, कुसकरलेलें केळें, शिजविलेली भाजी, मांसाहारी घरीं अंडें, असें दिवसांतून थोडें थोडें द्यावें. वरणाचें पाणी म्हणजे जेवण नव्हे. पाण्याखालची डाळ द्या.

यावर कोणी म्हणेल, महाराज, हें सगळें ठीक, पण गरिबाला परवडावें कसें? हा आक्षेप खोटा नाहीं, आणि त्याला मी शब्दांनीं उडवून लावणार नाहीं. कांहीं भाग आपल्या हातचा आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर एक शेवगा, एक पपई, एक लिंबू, एक कढीपत्ता आणि दोन वेल लागतात. चार कोंबड्या पाळल्या तर मुलांना अंडीं होतात. तंबाखू, विडी, बिस्किटांचे पुडे आणि रंगीत थंड पेयें यांचा महिन्याचा हिशेब कागदावर मांडला तर डाळीचे कित्येक किलो त्यांत सांपडतील. तेराव्याला आणि लग्नाला कर्ज काढून गांव जेऊं घालणाराच्या घरीं वर्षभर वरणाचा तुटवडा असतो, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. एका दिवसाची पंगत मोठी करून वर्षाचें ताट लहान करूं नये.

परंतु ज्याला गुंठाभर जमीन नाहीं, जो मजुरी मिळेल त्या दिवशीं खातो, त्याला परसबागेचा उपदेश करणें म्हणजे त्याची थट्टा आहे. त्याच्यासाठीं मागणें मागितलें पाहिजे. रेशनच्या दुकानांत गहूं-तांदुळाबरोबर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि डाळ नियमानें मिळाली पाहिजे. त्यानें आपल्या शेतकऱ्याच्या ज्वारीलाही गिऱ्हाईक मिळेल. जें आज कायद्यानें मिळतें तें तरी पुरें घ्या. सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं आदेश देऊन सरकारी शाळांतून शिजविलेलें जेवण देणें बंधनकारक केलें. त्याचें माप ठरलेलें आहे. पहिली ते पांचवीच्या मुलामागें दररोज धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम. सहावी ते आठवीच्या मुलामागें धान्य १५०, डाळ ३०, भाजी ७५ ग्रॅम. आपल्यापैकीं किती पालकांनीं शाळेंत जाऊन पातेल्यांत डोकावून पाहिलें आहे? शाळेच्या व्यवस्थापन समितींत पालक असतात. त्यांनीं महिन्यांतून चार वेळां तरी पंगतीच्या वेळीं उभें राहावें आणि डाळ मोजावी. अंगणवाडींत गरोदर बाईला, पाजणाऱ्या आईला व लहान मुलांना जो आहार मिळतो तो घरीं आला कीं नाहीं, आणि आल्यावर ज्याचा त्याच्याच पोटांत गेला कीं नाहीं, हेंही पाहावें. शाळेच्या पंगतींत अंडें असावें कीं नसावें, यावर मोठमोठे वाद होतात. पण वाद घालणारांचीं मुलें त्या पंगतीस बहुधा बसत नाहींत. ज्यांचीं बसतात त्यांनीं बोलावें. हें भीक मागणें नव्हे. ज्यांनीं देशाचीं कोठारें भरलीं त्यांच्या मुलांचा तो वांटा आहे.

बंधुभगिनींनो, मी पथ्याचें पुस्तक वाचावयास आलों नाहीं. आज घरीं गेल्यावर आपण चार गोष्टी कराव्या, एवढेंच मागतों. तीन वाट्या पिठास एक वाटी डाळ शिजवावी. ताटांत एक हिरवी भाजी आणि तिच्यावर लिंबाची फोड असावी. दूध व अंडीं बाजारांत जाण्यापूर्वीं मुलांचा वांटा निघावा. आणि जिनें रांधलें तिचें ताट शेवटीं नव्हे, सर्वांबरोबर वाढलें जावें. महिनाभर करून पाहा. पुढच्या महिन्यांत दवाखान्यांत जाऊन मुलांचें वजन व बायकांचें रक्त मोजून घ्या, आणि दर तीन महिन्यांनीं तें पुन्हां मोजून वहींत लिहून ठेवा. जसें आपण पिकाचें उत्पन्न लिहितों, तसें हेंही लिहा. पिकाचा हिशेब व्यापारी आपल्याला समजावून देतो. घरच्या माणसांचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागेल.